हलत्या फुफ्फुसाचे स्थिर चित्र

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने अणुवैद्यकावर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु गेल्या पावसाळ्यात आबांच्या उजव्या फुफ्फुसात, अगदी तळाशी, दीड सेंटिमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टरांनी 'पेट स्कॅन' करून आणावयास सांगितले. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. तेव्हा कागद वाचून आबांना समजावण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. तपासणीच्या वेळी स्थिर पडून राहावे, असे त्यात लिहिले होते. मी आबांना बजावले, "आबा, यंत्रात गेल्यावर तसूभरही हलू नका." या एका वाक्याने मी केवढा घोटाळा केला, ते सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम हे चित्र कसे निघते ते पाहू. नेहमीच्या एक्स-रेमध्ये किरण बाहेरून शरीरात सोडतात. अणुवैद्यकात याच्या उलट असते. किरण शरीरातून बाहेर येतात. पेट तपासणीत बहुधा साखरेसारखे एक द्रव्य शिरेतून टोचतात. त्याला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. दर ११० मिनिटांनी त्याचे प्रमाण निम्मे होते, म्हणून काम वेळेत उरकावे लागते. ज्या पेशींची धावपळ जास्त, त्या ही साखर जास्त ओढून घेतात. तासाभराने रुग्णाला कड्याच्या आकाराच्या यंत्रात निजवतात आणि ते यंत्र बाहेर येणारे किरण टिपते. जेथून किरण जास्त, तेथे चित्र उजळ.

हे किरण थोडेथोडे येतात. म्हणून शरीराच्या एकेका भागापाशी यंत्राला दोन-तीन मिनिटे थांबावे लागते, आणि अडचण नेमकी येथेच आहे. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे तीन मिनिटांत ३६ ते ६०. छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल साध्या श्वासानेही एक-दोन सेंटिमीटर खालीवर होते. फुफ्फुसाचा शेंडा फारसा हलत नाही. तळ मात्र श्वासपटलाबरोबर हलतो. आता हिशेब करा. दीड सेंटिमीटरची गाठ दीड सेंटिमीटर खालीवर झाली, तर चित्रात ती तीन सेंटिमीटर लांबीची दिसणार. शिवाय तेवढेच किरण दुप्पट लांबीवर पसरल्याने ती फिकट दिसणार. गाठ आहे त्याहून मोठी आणि आहे त्याहून निरुपद्रवी वाटावी, हा दुहेरी चकवा!

मग श्वास रोखून धरावा, असे कोणीही म्हणेल. काही सेकंदांच्या सी.टी.ला ते जमते. तीन मिनिटे कोण रोखणार? उलट, सी.टी. छाती भरून घेतला आणि पेट संथ श्वासात, तर दोन्ही चित्रे जुळत नाहीत आणि फुफ्फुसाच्या तळाशी केळ्याच्या आकाराची खोटी फिकट पट्टी उमटते.

यावरचा उपाय मला पाळण्याच्या दृष्टांताने समजला. हलत्या पाळण्यातील बाळाचा फोटो काढावयाचा आहे. पाळणा टोकाला जाऊन क्षणभर थबकतो. प्रत्येक वेळी तेवढ्याच क्षणी कॅमेऱ्याचे झाकण उघडले, तर बाळ स्पष्ट येईल. श्वासही तसाच, सोडल्यावर क्षणभर विसावतो. रुग्णाच्या पोटावर पट्टा बांधतात, किंवा पोटावरच्या खुणेवर कॅमेऱ्याची नजर ठेवतात. श्वासाची रेघ पडद्यावर उमटते आणि कोणता किरण श्वासाच्या कोणत्या टप्प्यात आला, याची नोंद राहते. नंतर एकाच टप्प्यातील किरणांचे चित्र जुळवतात. याला 'गेटिंग' म्हणतात.

अर्थात, फुकट काही मिळत नाही. श्वासाचे सहा समान वाटे केले, तर प्रत्येक चित्राला सहावा हिस्साच किरण मिळतात आणि चित्र रवाळ होते. म्हणून छातीपाशी यंत्र अधिक वेळ थांबवतात. दुसरी युक्ती म्हणजे सहाही चित्रे संगणकाने सरकवून एकावर एक बसवणे. त्यात किरण वाया जात नाहीत. अलीकडे तर पट्ट्यावाचूनही, जमलेल्या किरणांवरूनच, संगणक श्वासाची लय शोधून काढतो.

परंतु या सर्व युक्त्यांना एक गोष्ट लागते: श्वासाला लय हवी. आणि तीच मी मोडली होती. माझी आज्ञा पाळून आबा यंत्रात जमेल तेवढा वेळ श्वास कोंडत होते आणि मग धापा टाकत होते! पडद्यावरची रेघ मध्येच सपाट, मध्येच डोंगराएवढी. तेथल्या तंत्रज्ञ ताईंनी काम थांबवले. आबांच्या उशाशी जाऊन त्या म्हणाल्या, "बाबा, घरी ओट्यावर निवांत बसल्यावर घेता ना, तसाच श्वास घ्या." छातीचे चित्र पुन्हा घेतले. पहिल्या चित्रात लांबट, फिकट डाग होता. दुसऱ्यात त्याच जागी आखीव, उजळ ठिपका.

उजळ म्हणजे कर्करोगच, असे मात्र नव्हे; क्षयाची गाठही तशीच उजळते. ठिपका स्पष्ट दिसल्यामुळे थांबून पाहण्याऐवजी डॉक्टरांनी लगेच सुईने तुकडा काढून तपासला. क्षयच निघाला. आबांचे औषध चालू आहे.

असो. चूक आबांची नव्हती, यंत्राचीही नव्हती. शब्दार्थ कळला म्हणजे अर्थ कळला, असे मी समजलो, ती चूक माझी. आता मी एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीतून लिहून ठेवले आहे: "हातपाय हलवू नका. श्वास रोखू नका. श्वास रोखण्यास सांगितले तरच रोखा. एरवी संथ श्वास घेत राहा." गावातून कोणी तपासणीला निघाले, की आबाच तो कागद मागून घेतात आणि त्यांना वाचून दाखवायला मला सांगतात.