मोटारीच्या गियरबॉक्सचें दुखणें व त्याची परीक्षा

भायखळ्याच्या पुलाच्या चढावर कधीं कधीं असें दृश्य दिसतें कीं, उतारूंनी भरलेल्या एखाद्या टॅक्सीचें इंजिन मोठ्यानें ओरडत असतें, परंतु त्या मानानें गाडी मात्र पुढें सरत नाहीं. मागील गाड्या भोंगे वाजवूं लागतात आणि जळकट वास चोहोंकडे पसरतो. पाहणारे म्हणतात, "इंजिन गेलें!" वास्तविक पाहतां इंजिनानें कांहींच अपराध केलेला नसतो. तें आपलें काम करीतच असतें. पण त्याचें बळ चाकांपर्यंत पोंचत नाहीं. हें बळ पोंचविणारी जी यंत्रमालिका, तिच्या दुखण्यांविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशास, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपल्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरची चूल मोटारीच्या चाकावर चालते. शिवाय भायखळा हें यंत्रविद्येस परकें ठिकाण नव्हे. आज माटुंग्यास असलेली, पूर्वींची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालीं निघाली, ती याच भायखळ्यांत. १९२३ सालीं ती माटुंग्यास गेली. तेव्हां येथील मुलांनी यंत्राची नाडी पाहण्यास शिकावें, यांत नवल तें काय?

आमच्या परिचयाच्या एका टॅक्सीवाल्या गृहस्थांची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. त्यांची गाडी म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी. एके दिवशीं सकाळीं पहिला गियर पडेना. जोर केला कीं खर्रकन् आवाज होई. एका गॅरेजांत सांगण्यांत आलें कीं, गियरबॉक्स उतरवून सर्व खोलावा लागेल. खर्चाचा आंकडा ऐकून त्यांचे हातपाय गळाले, कारण मुलीची फी भरावयाची तीच वेळ होती. घरीं परततांना वाटेंत एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी गाडीखालीं वांकून पाहण्यापूर्वीं एवढेंच म्हटलें, "भाऊ, इंजिन बंद करून गियर टाकून पाहा पाहूं." इंजिन बंद करतांच चारही गियर लोण्यांत सुरी जावी तसे पडले. मिस्त्री हंसून म्हणाले, "गियरबॉक्स निरोगी आहे. क्लच पुरता सुटत नाहीं." क्लचच्या पेडलची मोकळी चाल वाजवीपेक्षां वाढली होती. एक नट फिरवून ती बेताची करतांच गाडी दुपारच्या धंद्यास निघाली. एका योग्य प्रश्नानें घरावरचें संकट टळलें.

हा प्रश्न त्या मिस्त्रीस कसा सुचला, हें समजण्यास यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. इंजिनाच्या मागें फ्लायव्हील नांवाचें एक जड चक्र असतें. त्यावर क्लचप्लेट स्प्रिंगच्या जोरानें दाबून बसलेली असते. पेडल दाबलें कीं प्लेट सुटते व इंजिनाचा गियरबॉक्सशीं संबंध तुटतो. पेडल सोडलें कीं तो पुन्हां जडतो. गियरबॉक्समध्यें लहानमोठीं दांत्यांचीं चाकें असतात. दहा दांत्यांचें चाक तीस दांत्यांच्या चाकास फिरवूं लागलें, तर लहान चाकाचे तीन फेरे होतील तेव्हां मोठ्याचा एक होईल. पण घर्षणांत जाणारा अल्प भाग सोडला, तर फिरविण्याचा जोर तिप्पट मिळेल. वेग द्यावा आणि जोर घ्यावा, असा हा उघड व्यवहार आहे. चढावर किंवा उभी गाडी हलवितांना जोर हवा, म्हणून पहिला गियर. सपाट रस्त्यावर वेग हवा, म्हणून वरचा. पद्मिनीस पुढें जाण्याचे चार गियर असून त्यांचा दांडा स्टिअरिंगच्या खालीं बाजूस असे. गियरबॉक्समधून निघालेलें बळ एका लांब दांड्यानें मागील आंसास व तेथून चाकांस पोंचे.

फिरत्या चाकांचे दांते एकमेकांत बसवितांना ते आपटूं नयेत, म्हणून दोहोंचा वेग आधीं सारखा करणारी पितळी कडी पुढें प्रचारांत आली. अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत ही युक्ति १९२८ सालीं प्रथम दिसली. तत्पूर्वीं चालकास केवळ कानाच्या व पायाच्या कसबावर गियर बदलावा लागे.

आतां परीक्षेकडे वळूं. वैद्य जसा रोग्यास, "केव्हां दुखतें? काय केलें असतां थांबतें?" असें विचारतो, तसेंच गाडीसहि विचारावें.

इंजिन ओरडतें पण गाडी ओढत नाहीं, असें असेल तर क्लच घसरतो आहे असें समजावें. याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सपाट जागीं हातब्रेक घट्ट ओढून वरच्या गियरमध्यें क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडलें तर क्लच धरतो. तें फिरतच राहिलें तर तो घसरतो. ही परीक्षा क्षणभरच करावी, नाहींतर प्लेट अधिक जळेल, आणि गाडीपुढें कोणास उभें राहूं देऊं नये. उपाय करतांना आधीं पेडलची मोकळी चाल पाहावी. ती मुळींच नसेल तर क्लच सदैव अर्धवट दाबलेला राहतो. चाल ठीक असूनहि घसरणें थांबेना, तर प्लेट झिजली आहे, किंवा तिच्यावर तेल उतरलें आहे. तेल असेल तर तें जेथून गळतें तो सील प्रथम बदलावा. तसें न करतां नवी प्लेट घालणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय.

इंजिन चालू असतांना गियर खरखरतो, पण बंद असतांना सहज पडतो, तर दोष बहुधा क्लचचा, हें वरील गोष्टींत आलेंच आहे. परंतु क्लच नीट सुटत असूनहि एकाच विशिष्ट गियरला खरखर होत असेल, तर त्या गियरची पितळी कडी झिजली असें समजावें. येथें मात्र गियरबॉक्स उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

गाडी उभी, इंजिन चालू व गियर मोकळा असतां आवाज येतो, आणि पेडल दाबतांच तो थांबतो, तर गियरबॉक्सच्या पुढील शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडविणारें बेअरिंग झिजलें आहे. गाडी चालवितांना सतत क्लचवर पाय ठेवण्याची संवय हेंच त्याचें नेहमींचें कारण असतें.

चालतां चालतां गियर आपोआप निसटत असेल, तर प्रथम बाहेरील दांडे, त्यांचे सांधे व इंजिनाचे रबरी आधार पाहावेत. स्टिअरिंगखालीं दांडा असलेल्या गाड्यांत या सांध्यांतील बुश झिजून गियर पुरता बसत नाहीं, असें घडतें. बुश थोडक्या पैशांत मिळतात. बाहेर सर्व ठीक असेल, तरच आंतील स्प्रिंगा व दांते यांकडे वळावें.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेल. क्लचनें गियर बदलणाऱ्या बहुतेक गाड्यांत गियरबॉक्सच्या बाजूस एक बूच असतें. गाडी सपाट जागीं उभी करून तें काढलें असतां तेल भोंकाच्या खालच्या कडेपर्यंत असावें. तेल कोणतें व किती दिवसांनी बदलावें, हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. जुन्या तेलांत बारीक करडा लेप दिसला तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु धातूचे कपचे दिसले, तर कोणता तरी दांता मोडला असण्याचा संभव आहे. तेल दुधाळ दिसलें, तर आंत पाणी शिरलें आहे. पावसाळ्यांत हिंदमाता किंवा परळ येथील तुंबलेल्या पाण्यांतून ज्यांची गाडी गेली, त्यांनी हें अवश्य पाहावें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं हजारों गाड्या पाण्यांत उभ्या होत्या. अशा प्रसंगीं तेल बदलण्याचा खर्च वांचविणारा पुढें बेअरिंगांचा खर्च ओढवून घेतो.

हल्लीं पुष्कळ गाड्या आपले गियर आपणच बदलतात. त्यांपैकीं ज्यांत तेलाच्या दाबानें काम चालतें, त्यांत दांडा सरकविल्यावर गाडी उशिरा धक्का देऊन निघणें, अथवा तेल काळें पडून त्यास जळका वास येणें, या धोक्याच्या खुणा होत. असल्या गाडीची चालतीं चाकें रस्त्यावर फिरत ठेवून तिला ओढून नेऊं नये. पुस्तकांतील सूचना पाहून मग काय तें करावें. विजेच्या मोटारींत तर बहुधा एकच कायमचा गियर असतो व क्लच नसतोच.

एक सूचना विद्यार्थ्यांस आग्रहानें करावयाची आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. खालीं भक्कम आधार द्यावेत व चाकांस उटी लावावी. वडील मनुष्य जवळ असल्यावांचून तर गाडीस हातच लावूं नये.

मुंबईंत शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदली गेली. टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती जात रस्त्यावरून नाहींशी झाली. आमच्या त्या गृहस्थांनीहि आतां दुसरी गाडी घेतली आहे. परंतु त्या वृद्ध मिस्त्रीची रीत कांहीं जुनी झाली नाहीं. आधीं ऐकावें, मग विचारावें, एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि स्वस्त उपाय संपल्यावरच महाग उपायास हात घालावा. गणिताचें उत्तर चुकलें असतां सारी वही फाडणारा विद्यार्थी आणि पहिल्याच आवाजास गियरबॉक्स उतरविणारा कारागीर, हे एकाच माळेचे मणी. चूक कोणत्या ओळींत आहे हें शोधण्यास जो शिकला, त्याचें पुष्कळसें काम तेथेंच झालें.