बेडकाचे आद्यवृक्क आणि प्रथिनांचे साहचर्य

‘प्रथिने अवयव घडवितात’ असे विधान शास्त्रीय मराठीत वारंवार आढळते. त्यातील क्रियापदामुळे प्रत्येक अवयवास एकेक स्वतंत्र कर्ता असल्याचा भास होतो. हा भास कितपत यथार्थ आहे, हे झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या गर्भावरून तपासता येते.

बेडूकमाशास प्रथम जे मूत्रपिंड लाभते त्यास आद्यवृक्क म्हणू. शरीराच्या प्रत्येक बाजूस त्याची एकच वृक्कनलिका असते. मनुष्याच्या एका मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लक्ष असतात. हे साधेपण संशोधकांच्या पथ्यावर पडले आहे.

नलिका दिसू लागण्याच्या कितीतरी आधी मध्यस्तरातील काही पेशींचे भवितव्य ठरून जाते. त्या पेशींत पॅक्स-८ व लिम-१ ही दोन जनुके प्रारंभीच कार्यप्रवृत्त होतात. त्यांची प्रथिने डीएनएशी संलग्न होऊन इतर जनुकांचे नियमन करतात. १९९९ मध्ये कॅरॉल व व्हाइझ यांनी ही प्रथिने गर्भात अधिक प्रमाणात निर्माण करविली. दोहोंपैकी एकच वाढविले असता आद्यवृक्काची व्याप्ती फार तर दुप्पट झाली. दोन्ही एकत्र वाढविली असता ती पाचपटीपर्यंत गेली. ही साधी बेरीज नव्हे. शब्दार्थनिर्णयात आपल्या वैयाकरणांनी साहचर्यास जे स्थान दिले, त्याचे येथे सहज स्मरण होते. लिम-१ चेच पाहा: १९९५ मध्ये उंदरांतील हे जनुक निकामी केले असता गर्भास डोक्याचा पुढील भागच आला नाही. पॅक्स-८ तर सस्तन प्राण्यांच्या अवटु ग्रंथीसही आवश्यक असते. तेव्हा यांपैकी कोणत्याही एकास ‘वृक्कजनक’ ही संज्ञा देणे मला अयोग्य वाटते.

पेशींना बाहेरून मिळणाऱ्या संकेतांचीही गोष्ट वेगळी नाही. गर्भाच्या ऊर्ध्व ध्रुवावरील जे ऊतक एरवी त्वचाच झाले असते, ते अॅक्टिव्हिन हे प्रथिन व रेटिनॉइक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवले असता त्यातून वृक्कनलिका उत्पन्न होतात, असे आसाशिमा यांच्या जपानी संशोधकगटाने १९९३ मध्ये दाखविले. एकट्या आम्लाने हे घडत नाही.

पुढील टप्प्यावर विंट-४ हे पेशीबाहेर स्रवणारे प्रथिन लागते. (‘विंट’ हे नाव माशीतील ‘विंगलेस’ व उंदरातील ‘इंट’ या जनुकनामांच्या संकरातून बनले आहे.) त्याची निर्मिती रोखली असता नलिका तयार होत नाही, तिला जोडलेली वाहिनी मात्र नेहमीप्रमाणे वाढते.