सुईवाचून इन्शुलिन : वेताळ टेकडीच्या दोन अंगांना झालेला एक प्रयोग

जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथील रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या औषधाची शुद्धता आणि निर्मिती यांबाबत शास्त्राने फार मोठी मजल मारली, तथापि ते शरीरात पोहोचविण्याचा मार्ग बहुतांशी तोच, म्हणजे त्वचेला छिद्र पाडण्याचा राहिला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. या सर्वांनाच इन्शुलिन लागते असे नाही. परंतु ज्यांना लागते त्यांतील कित्येकजण ‘आधी गोळ्यांवर बघू, सुईचं पुढचं पुढे’ असे म्हणून डॉक्टरांची शिफारस तहकूब ठेवतात, आणि त्या मुदतीत डोळ्यांची व मूत्रपिंडांची हानी चालूच राहते. सुईची ही धास्ती क्षुल्लक मानणे मला अन्यायाचे वाटते.

मग इन्शुलिनची गोळी का नाही? इन्शुलिन हे ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचे प्रथिन आहे, आणि आपली पचनसंस्था वरणातले प्रथिन व औषधातले प्रथिन असा भेद करीत नाही. पूर्वी मुलखातून निघालेल्या मालाला पेठेत पोहोचेपर्यंत प्रत्येक नाक्यावर जकात द्यावी लागे, तशी येथे जठरातील आम्ल, पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यातील ट्रिप्सिन ही तिन्ही ठाणी आपापली वसुली करून घेतात. आणि एवढ्यातून जे शिल्लक राहते तेही आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या घट्ट सांध्यांमधून सहसा पलीकडे जात नाही, कारण त्या वाटेच्या मानाने हा रेणू फार मोठा असतो.

याच अडचणीवर पुण्यात एक अभ्यासनीय प्रयोग झाला. वेताळ टेकडीच्या एका अंगाला एरंडवण्यात भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी आहे, तर दुसऱ्या अंगाला पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. या दोन संस्थांतील वर्षा पोखरकर, मुरली शास्त्री, देविका भूमकर, हृषीकेश जोशी आदी संशोधकांनी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर इन्शुलिन चढवून ते तोंडावाटे व नाकावाटे देता येईल काय याचा शोध घेतला, आणि त्याचे निष्कर्ष २००६ व २००७ साली ‘लँगम्युअर’ आणि ‘फार्मास्युटिकल रिसर्च’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. यांतील दुसऱ्या प्रबंधातली युक्ती मला विशेष मनोहर वाटते. कोळंबी व खेकडे यांच्या कवचापासून मिळणारा कायटोसान नावाचा पदार्थ सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला असता तोच त्या क्षाराचे रूपांतर धातुरूप सोन्याच्या कणांत करतो, पिवळट द्रावणाला लाल रंग चढतो, आणि निराळ्या तीव्र रसायनाची गरज राहत नाही. शिवाय हा कायटोसान धनभारित असल्यामुळे ऋणभारित श्लेष्मल आवरणाला चिकटून बसतो आणि पेशींचे सांधे काही काळ सैल करतो, म्हणजे कण घडविणे व वाट मोकळी करणे ही दोन्ही कामे एकाच द्रव्याकडून होतात.

मधुमेह उत्पन्न केलेल्या उंदरांना हे मिश्रण दिल्यावर दोन तासांनी रक्तातील साखर तोंडावाटे सुमारे ३० टक्क्यांनी व नाकावाटे सुमारे २० टक्क्यांनी उतरलेली आढळली. मात्र हे यश मोजताना मात्रेकडे डोळेझाक करून चालणार नाही. तोंडावाटे दिलेली मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० युनिटे होती, नाकावाटे १०. उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही हे खरे. तरीही केवळ अंदाजासाठी ६० किलो वजनाच्या मनुष्याचा विचार केला तर तोंडावाटेची मात्रा ३,००० युनिटे होते, म्हणजे आपल्या दुकानांत मिळणाऱ्या ४०० युनिटांच्या साडेसात बाटल्या, आणि त्या मनुष्याची दिवसभराची गरज सुईने बहुधा तीसचाळीस युनिटांत भागते. नव्या मार्गाची बातमी ऐकताच ‘उतरली किती’ हे विचारण्यापूर्वी ‘घातले किती’ हे विचारावे, असे मी आग्रहाने म्हणतो ते याचसाठी.

बाजारात पोहोचलेल्या औषधांनाही हाच हिशेब चुकलेला नाही. सेमाग्लुटाइड हे इन्शुलिन नव्हे. पण तेही प्रथिनवर्गातलेच, आणि त्याची गोळी २०२२ पासून आपल्याकडे मिळते. तिच्यात स्नॅक नावाचे द्रव्य घातलेले असते. ते गोळीभोवतीची आम्लता तेवढ्यापुरती उणी करते आणि जठराच्या भिंतीतूनच औषध आत जाऊ देते. असे असूनही आत पोहोचतो तो शंभरातला जेमतेम एक हिस्सा. रोज १४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्याच्या पोटात आठवड्याला ९८ मिलिग्रॅम औषध जाते, जेथे सुईने आठवड्याकाठी एक मिलिग्रॅम वा त्याहून कमी पुरते. शिवाय गोळी घ्यावयाची ती उपाशीपोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा वर्ज्य. सकाळच्या पहिल्या चहावर ज्यांचा दिवस उभा असतो त्यांना हे पथ्य वाटते तितके सोपे नाही.

फुफ्फुसांचा मार्ग निराळा. एक्झुबेरा हे श्वासावाटे ओढण्याचे इन्शुलिन अमेरिकेत २००६ साली आले आणि खप न झाल्याने पुढल्याच वर्षी कंपनीने मागे घेतले. अफ्रेझा या त्याच्या धाकट्या भावंडाला तेथे २०१४ साली, आणि आपल्याकडे सिप्लाच्या अर्जावरून डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. ते जेवणाच्या वेळचे इन्शुलिन आहे, दमेकऱ्यांना व धूम्रपान करणाऱ्यांना ते देत नाहीत, आरंभीच फुफ्फुसांची चाचणी करावी लागते, आणि ज्याला रात्रंदिवस पुरणारे इन्शुलिन लागते त्याची ती सुई सुटत नाही.

तेव्हा पुण्यातल्या बहुसंख्य रुग्णांचा सुईशी संबंध आणखी काही वर्षे राहणार, आणि म्हणून सुईतल्या सुधारणांनाही नव्या शोधांइतकेच महत्त्व दिले पाहिजे. ४ मिलिमीटरची बारीक सुई बहुतेकांना पुरते. टोचण्याची जागा दररोज बदलली तर कातडीखाली गाठी होत नाहीत, आणि गाठीत टोचलेले इन्शुलिन लहरीप्रमाणे शोषले जाते. आपल्याकडील बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिटे असतात व पेनच्या नळीत १००. बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज, नारिंगी टोपणाची १०० युनिटांच्या औषधासाठी. ४० च्या बाटलीतले औषध नारिंगी सिरिंजने, तिच्यावरील आकडे वाचून भरले, तर वीस युनिटांच्या जागी आठच अंगात जातात, आणि साखर का उतरत नाही याचा उलगडा घरात कोणालाच होत नाही. औषधाच्या दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजचे टोपण एकदा ताडून पाहावे.