झाकणाखालचा पंजा

१९८५ साली आलेल्या अमिगा १००० या संगणकाचं झाकण उघडलं, की आतल्या बाजूला तो बनवणाऱ्या मंडळींच्या सह्या दिसतात. आणि त्या सह्यांच्या गर्दीत चक्क कुत्रीच्या पंजाचा ठसा! ही मिची. जे मायनर नावाच्या अमेरिकन अभियंत्याची लाडकी. ते चिपचे आराखडे काढत बसायचे, तेव्हा ही शेजारी हजर.

मायनरकाका त्याआधी अटारी कंपनीत होते. अटारीचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम १९७७ साली बाजारात आला. त्यातली चित्रं दाखवणारी चिप त्यांच्याच हाताखाली घडली. त्या यंत्राची मेमरी किती असेल? १२८ बाइट! इंग्रजीची जेमतेम १२८ अक्षरं मावतील एवढीच. मग पडद्यावरचं अख्खं चित्र ठेवायचं कुठे? युक्ती अशी, की ते ठेवायचंच नाही. जुन्या टीव्हीत एक किरण पडद्यावर एकेक ओळ रंगवत खाली सरके. तो पुढच्या ओळीवर पोचायच्या आत, तिथे काय दाखवायचं ते चिपला सांगून मोकळं व्हायचं. असं अख्खं चित्र एका सेकंदात साठ वेळा रंगवायचं! गेम लिहिणाऱ्यांना घाम फुटायचा, यात नवल ते काय?

काकांना आता मोटोरोला ६८००० हा दमदार प्रोसेसर घालून नवा संगणक करायचा होता. अटारी काही तयार होईना. काका सरळ बाहेर पडले आणि १९८२ पासून अमिगाच्या मागे लागले.

गणेशोत्सवात अध्यक्षांनीच वर्गणी काढायची, आरासही करायची आणि स्पीकरही लावायचा असं ठरलं, तर बाप्पा येऊन जातील तरी मांडव उभा राहायचा नाही. संगणकातला असा अध्यक्ष म्हणजे प्रोसेसर. म्हणून अमिगात त्याच्या मदतीला तीन चिप होत्या. अ‍ॅग्नस मेमरीची वाटणी बघे आणि चित्रं झटपट इकडून तिकडे हलवी, डेनिस ती पडद्यावर दाखवी आणि पॉला आवाज काढी. रंग ४०९६!

पण १९८४ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात हे यंत्र दाखवायचं होतं, तेव्हा त्या चिप तयारच नव्हत्या. त्यांच्या जागी हाताने तारा जोडलेल्या मोठमोठ्या पाट्यांची चळत होती. एक तार निसटली, की संपलंच! ती सामानात टाकायची कोणाची छाती होईना. मग विमानात तिच्यासाठी वेगळं तिकीट काढलं, ‘जो पिलो’ या नावाने. म्हणजे श्रीयुत उशी!

पुढे मायनरकाकांनी चिप केल्या त्या खेळांसाठी नव्हेत. हृदयाचे ठोके बिघडले, की आतूनच विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं एक यंत्र रुग्णाच्या शरीरात बसवतात, त्यासाठी.