शाळेची फी आणि शेतकऱ्याचा जमाखर्च

मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरांत दोन खर्च एकाच वेळीं उभे राहतात. एक बीं-खताचा व दुसरा मुलांच्या शाळेचा. पहिल्याविषयीं अशा मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. दुसऱ्याचा हिशेब मात्र कोणी मांडून दाखवीत नाहीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झालों व गांवीं येऊन राहिलों. हिशेब मांडण्याची संवय अंगांत मुरलेली, आणि प्रश्न तर आमच्याच घरांत उभा राहिला. त्याची हकीकत येथें देत आहों.

आमचें गांव लातूर जिल्ह्यांत आहे. धाकटे बंधू सहा एकर जमीन कसतात. चार एकर सोयाबीन, त्यांत तुरीच्या ओळी, उरलेल्या जमिनींत रब्बीस हरभरा, व दारीं एक दुभती म्हैस, असा त्यांचा संसार आहे. आमचें पेन्शन व आमची चूल निराळी. बंधूंचा थोरला मुलगा अडीच किलोमीटरांवर हमरस्त्याला असलेल्या खाजगी इंग्रजी शाळेंत सहावींत होता. धाकट्या मुलीस जून २०२५ मध्यें पहिलींत घालावयाचें होतें. गांवांत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची मराठी शाळा आहे. आम्ही चौथीपर्यंत तिच्यांतच शिकलों व सातवीपर्यंत शेजारच्या गांवीं पायीं जात असूं.

बंधू म्हणाले, "अण्णा, पोराला तिकडं घातलाच आहे. पोरीला इथल्याच शाळेंत घालूं. ती काय, उद्यां परक्या घरीं जाणार." भावजय एरवीं आमच्यासमोर फारसें बोलत नाहींत, पण त्या सायंकाळीं भाकरी थापतां थापतां चुलीपासूनच म्हणाल्या, "अण्णा, एका ताटांत तूप आन् दुसऱ्या ताटांत पाणी, असं कसं वाढूं मी?" या प्रश्नास आमच्यापाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. आम्ही वही मागितली.

मुलाच्या शाळेचा खर्च किती, असें विचारतां बंधूंनीं "एकवीस हजार" असें सांगितलें. एकवीस हजार ही नुसती फी होती. खोदून विचारल्यावर बाकीच्या रकमा एक एक बाहेर आल्या. गाडीचे महिना सहाशेप्रमाणें दहा महिन्यांचे ६,०००. शाळेंतूनच घ्यावयाच्या पुस्तकांचे ४,२००. दोन गणवेश व बूट मिळून २,८००. सायंकाळच्या शिकवणीचे ५,०००. स्नेहसंमेलन, सहल व किरकोळ मिळून १,५००. एकूण बेरीज ४०,५०० रुपये. बंधू वहीकडे पाहतच राहिले. त्यांची लबाडी कांहीं नव्हती. शाळेंत जो आंकडा एकदम भरावा लागतो तोच मनांत राहतो, व जे थेंबथेंब जातात ते कोणी मोजीत नाहीं.

मग आम्हीं हीच रक्कम सोयाबीनच्या मापानें मोजली. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता, परंतु बंधूंच्या मालास अडतीवर ४,१०० रुपयेच मिळाले. त्या भावानें शाळेचे जवळ जवळ दहा क्विंटल होतात. एकरीं सात क्विंटलांचा उतार धरला तर एकराचे २८,७०० रुपये आले; त्यांतून नांगरट, बियाणें, खत, फवारणी, खुरपणी, काढणी व मळणी यांचे सतरा हजार वजा जातां हातीं ११,७०० राहिले. म्हणजे एका मुलाच्या शाळेसाठीं साडेतीन एकर सोयाबीन राबत होतें. चार एकरांपैकीं साडेतीन! दुसरें मूल त्याच शाळेंत घालावयाचें तर जमीन कोठून आणावी?

फीच्या रकमेपेक्षांहि तिची वेळ अधिक घातक आहे, आणि हें शहरांतल्या पगारदारास कळणार नाहीं. पगारदाराच्या घरीं पैसा महिन्याच्या महिन्यास येतो. शेतकऱ्याच्या घरीं तो आश्विन-कार्तिकांत व पुढें फाल्गुनांत येतो. शाळेचा पहिला हप्ता मात्र जूनमध्यें, ऐन पेरणींत. बंधूंच्या खात्यांत सेवा सोसायटीचें पीककर्ज जमा झालें, कीं त्यांतील हप्ता आधीं शाळेस जाई व बियाणें दुकानदाराकडून उधारीवर येई. उधारीच्या पिशवीस रोखीपेक्षां चार पैसे अधिक पडतात, आणि दुकानदार देईल तेंच वाण घ्यावें लागतें. ही तूट शाळेच्या खर्चांत कोणीच धरीत नाहीं. आम्हींहि ती बेरजेंत धरली नाहीं, कारण तिचा नक्की आंकडा काढणें कठीण आहे.

आतां आमच्या परीक्षेची गोष्ट. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या कलम १२ अन्वयें खाजगी विनाअनुदानित शाळेंतहि प्रवेशाच्या वर्गांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं असतात व त्यांची फी सरकार भरतें. २०२४ च्या फेब्रुवारींत राज्य सरकारनें नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तेथील खाजगी शाळांना यांतून सूट दिली होती. तो बदल मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें रद्द ठरविला. तेव्हां जानेवारी २०२५ मधील अर्जांच्या वेळीं दार पुन्हा उघडें होतें. आमच्या घरास त्यांत शिरावयाचें तर एकच वाट होती, ती म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आंत असल्याचा तहसीलदारांचा दाखला.

बंधूंचें त्या वर्षाचें उत्पन्न आम्हींच वहींत मांडलें होतें. सोयाबीनचे ४६,८००, तूर व हरभरा मिळून ४५,०००, म्हशीचे ३०,०००, एकूण १,२१,८००. बंधू सहज म्हणाले, "अण्णा, बावीस हजारांचा तर प्रश्न आहे. तुमची सगळी ओळखीचीच माणसं आहेत." खोटें कशाला बोलावें, दोन दिवस आम्हांसहि मोह पडला. सोयाबीनचा उतार सातऐवजीं पांच लिहिला असता तर कोणी विचारावयास आलें नसतें. परंतु नोकरींत असतांना अशाच दाखल्यांचे गठ्ठे आमच्या टेबलावरून गेले होते, आणि कोणाच्या घरीं खरोखर चूल पेटत नाहीं व कोणाच्या दारीं मोटारसायकल उभी आहे हें कारकुनास ठाऊक असतें. जागा मोजक्या, सोडत निघते. आमच्या मुलीचें नांव निघतें तेव्हां दुसऱ्या कोणाचें तरी राहतें. आम्हीं नाहीं म्हटलें. बंधू आठ-दहा दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलले. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली, ती येथेंहि सांगतों. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीपासून पूर्ण फी आपणांस भरावी लागते, व ती न झेपली तर मुलास ऐन वेळीं माध्यम बदलून माघारें यावें लागतें.

खर्च कळला, पण त्या खर्चांत काय मिळतें तें कळलें नव्हतें. म्हणून एके दिवशीं पुतण्यास व जिल्हा परिषदेच्या शाळेंतून पुढें गेलेल्या, त्याच इयत्तेंतील शेजारच्या मुलास ओसरीवर बसविलें. पुतण्यानें इंग्रजी धडा घडघडां वाचला. अर्थ विचारला तेव्हां मात्र एकेका शब्दापाशीं थांबला. शेजारच्या मुलास इंग्रजी वाचण्यास फार वेळ लागला, पण वाचलें तितक्याचा अर्थ त्यास सांगतां आला. अपूर्णांकांचा भागाकार दोघांसहि येईना. मग आम्हीं घरचा जुना हस्तलिखित सातबारा पुढें केला. पुतण्यास मराठी आंकडेच वाचतां येईनात. "पोटखराबा" हा शब्द त्यानें तीनदां निरनिराळा वाचला. ज्या जमिनीच्या पिकावर तो शिकतो तिचा कागद त्यास वाचतां येत नाहीं, हें पाहून बंधूंचा चेहरा उतरला. एका मुलावरून शाळेची किंमत ठरवूं नये हें आम्हांस कळतें. तरी ज्यानें त्यानें आपल्या घरीं असा अर्धा तास खर्च करून पाहावा.

गांवच्या शाळेंतहि आम्ही एक पूर्ण दिवस बसलों. तिची स्तुति करण्यासाठीं हें लिहीत नाहीं. सेहेचाळीस मुलें, चार इयत्ता व दोन शिक्षक. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असें अधिनियमाच्या परिशिष्टांतच आहे. म्हणजे दोन शिक्षक हजर असले तरी प्रत्येकास दोन वर्ग एकदम संभाळावे लागतात. त्या दिवशीं त्यांतील एक मतदार यादीच्या कामावर गेले होते. येथें आम्हांस मान खालीं घालावी लागली. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण एवढींच बिनशिक्षणाचीं कामें शिक्षकांस द्यावीं, असें कलम २७ म्हणतें. पण त्या निवडणुकीच्या कामाचे हुकूम नोकरीच्या काळांत आम्हींच लिहून पाठविले आहेत, आणि त्या दिवसांत मागें वर्गाचें काय होत असेल हा विचार एकदांहि मनांत आला नव्हता. मुलींच्या शौचालयास पाणी नव्हतें, दारास कुलूप होतें.

पण दुसरी बाजूहि डोळ्यांनीं पाहिली. जे गुरुजी हजर होते त्यांनीं पहिलीच्या मुलांस चिंचोके मांडून बेरीज शिकविली व तिसरीच्या मुलांकडून त्याच वेळीं बाजाराच्या यादीचें गणित करून घेतलें. पुस्तकें मोफत, दुपारीं माणशीं शंभर ग्रॅम तांदळाच्या हिशेबानें शिजविलेलें जेवण, इंग्रजी विषय तर राज्यांतील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. आठवींत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यांत निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्या परीक्षेस सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांनाच बसतां येतें, खाजगी विनाअनुदानित शाळेंतल्यांना नाहीं. हें बंधूंस ठाऊक नव्हतें, व गांवांत आणखी कोणासहि ठाऊक असल्याचें दिसलें नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत तर आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करून चालत नाहीं. दहावी झाली कीं लातुरांतील शिकवण्यांकडे सारा मुलूख धांवतो, आणि तेथील अकरावी-बारावीचीं दोन वर्षें राहण्या-जेवणासह घराचें कंबरडें मोडतात. ज्यानें पहिलीपासूनच साडेतीन एकर ओतलें, त्याच्यापाशीं तेव्हां विकण्यास जमीनच उरते. म्हणून आमचें मत असें झालें कीं, पहिलीं चार वर्षें मूल घरच्या भाषेंत, पायीं जाण्याच्या अंतरांत शिकावें व पैसा पुढल्या वर्षांसाठीं राखावा. यास एक अट आहे. तो पैसा खरोखर राखला पाहिजे. नाहीं तर मुलीचें शिक्षण स्वस्त झालें एवढेंच होतें, आणि भावजयींचा ताटाचा प्रश्न जेथल्या तेथें राहतो.

मे महिन्यांत सर्वांनीं बसून ठरविलें. मुलगी गांवच्या शाळेंत जाईल. मुलास मध्येंच माध्यम बदलावयास लावूं नये, तो दहावीपर्यंत तेथेंच राहील. परंतु शिकवणी बंद, आणि रोज सायंकाळीं एक तास आमच्यापाशीं मराठी वाचन व हिशेब. मुलीच्या नांवें टपाल कचेरींत सुकन्या समृद्धीचें खातें काढावें. दहा वर्षांच्या आंतील मुलीचें तें काढतां येतें, वर्षाला निदान २५० रुपये भरावे लागतात, व ती दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठीं निम्मी शिल्लक काढतां येते. दर दिवाळीस तीन क्विंटल सोयाबीनचे पैसे त्यांत पडावे. दोन क्विंटल बंधूंचे व एकाची किंमत आमच्या पेन्शनींतून. आंकडा रुपयांत न ठरवितां क्विंटलांत ठरवावा असें भावजयींनीं सुचविलें. शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या समितींत भावजय गेल्या. जुलैअखेर शौचालयावर पाण्याची टाकी बसली.

पुढें २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर जी अतिवृष्टि कोसळली ती वाचकांस सांगावयास नको. बंधूंच्या सोयाबीनच्या शेंगा उभ्या झाडावर उगवल्या. चार एकरांत मिळून नऊ क्विंटल माल निघाला, तोहि डागी. हमीभाव ५,३२८ जाहीर झालेला होता, पण तसल्या मालास त्याचा काय उपयोग? मुलाच्या शाळेचा दुसरा हप्ता थकला. फोनवर स्मरणपत्रें येऊं लागलीं, व मुलगा एक दिवस गाडींत बसण्यास तयार होईना. अखेर म्हशीचें दूध व कांहीं उसनवारी मिळून हप्ता भरला.

मुलगी रोज शाळेंत जात होतीच. दिवाळीस टपाल कचेरींत आम्ही आमच्या एका क्विंटलाचे पैसे घेऊन निघालों, तेव्हां भावजयींनीं पदराच्या गांठींतून सातशे रुपये काढून दिले. पावतीवर रक्कम लिहितांना टपाल कारकुनानें आंकडा दोनदां विचारला. बंधूंचे दोन क्विंटल आम्हीं वहींत येणें म्हणून मांडून ठेवले आहेत.