शिंगाची मूठ

गोल्फचा चेंडू उंचावरून हिरवळीवर आदळला की तेथे लहानसा खळगा पडतो. तो बुजविणे हे खेळाडूचे कर्तव्य होय. त्यासाठी खिशात दोन दातांचा काटा बाळगतात. खळग्याचा तळ उचकटायचा नसतो, नाहीतर मुळे तुटतात; कडेची माती हलकेच मध्याकडे लोटायची असते. हा काटा बहुधा धातूचा असतो; परंतु गोल्फचे माहेरघर असलेल्या स्कॉटलंडमध्ये काही कारागीर त्याला तांबड्या हरणाच्या शिंगाची मूठ बसवितात.

मराठीत म्हशीचेही शिंग आणि सांबराचेही शिंगच. वस्तुतः या दोहोंत मोठे अंतर आहे. म्हशीच्या शिंगाचे कवच नखाच्या जातीचे असते व ते जन्मभर टिकते. आपल्या काळविटाचेही तसेच. सांबर, चितळ किंवा स्कॉटलंडचे तांबडे हरीण यांच्या नरांचे शिंग म्हणजे मात्र निव्वळ हाड. ते गळते आणि पुन्हा उगवते. तांबड्या हरणाची शिंगे मार्च-एप्रिलच्या सुमारास गळतात. नवी शिंगे मखमली कातडीखाली वाढत ऑगस्टपर्यंत पुरी होतात. चार-पाच महिन्यांत एवढे हाड घडविणारा हा प्राणी विलक्षणच म्हटला पाहिजे!

शिंगाचे टोक भरीव असते म्हणून त्याची मूठ होते. जाड भागाचे आडवे काप घासून चकत्या करतात. हिरवळीवरील चेंडू उचलताना त्याच्या जागी खूण म्हणून अशी चकती ठेवतात. १९५२ पूर्वी समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू वाटेत आडवा आला तरी तो सहसा उचलता येत नसे. तो नियम रद्द झाल्यावर या चकतीचे महत्त्व वाढले. करवतीखाली जळक्या हाडासारखा वास सुटतो आणि भुकटी छातीत जाते, म्हणून कारागीर तोंडानाकावर पट्टी बांधतो.

एके काळी शेफील्डचे सुरीकार मुठींसाठी भारतीय सांबराचे शिंग पसंत करीत. आज भारतातून तसा व्यापार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंधन आले आहे. शिंग आपोआप गळलेले असले तरी सवलत नाही. हे कठोर वाटेल. पण गळलेल्या शिंगाचा बुंधा खडबडीत असतो आणि मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो, एवढीच काय ती ओळख. तासून गुळगुळीत केलेल्या मुठीवर ती उरत नाही. दुखऱ्या जागी लेप लावण्यासाठी सहाणेवर उगाळायला जपून ठेवलेला सांबरशिंगाचा तुकडाही याच कायद्याच्या कक्षेत येतो, हे पुष्कळ मराठी घरांच्या गावीही नसते.