तिकीट पुढचं, उतरायचं नागपूरला?

भंडाऱ्याला जवळचं मोठं विमानतळ नागपूरचं, सुमारे 60 किलोमीटरवर. मुंबई-नागपूर तिकिटापेक्षा नागपूरमार्गे पुढच्या शहराचं तिकीट कधीकधी स्वस्त निघू शकतं, कारण विमानभाडं अंतरापेक्षा मागणी आणि स्पर्धेवर ठरतं. मग नागपुरातच उतरून घर गाठलं तर? गोंदियाचं तिकीट काढून भंडारा रोडला उतरणाऱ्याला रेल्वे अडवत नाही, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण रूळ बदलत नाहीत, विमानाचा मार्ग बदलतो. उड्डाण रद्द झालं तर कंपनी तुम्हाला हैदराबादमार्गेही पाठवेल. तिचा करार शेवटच्या शहरापर्यंत पोहोचवण्याचा असतो. चेक-इन केलेल्या बॅगेवरचा टॅगही त्याच शहराचा. हातातलीच बॅग नेली, तरी विमान भरलेलं असल्यास ती दारातच काढून पोटात टाकली जाऊ शकते. शिवाय एक टप्पा चुकवला की त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवास सहसा रद्द होतो.

‘पैसे मोजले, जागा वापरणं आमची मर्जी’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. सिअ‍ॅटल-फ्रँकफर्ट-ऑस्लो प्रवासातला शेवटचा टप्पा सोडणाऱ्याकडून लुफ्थान्सा या विमान कंपनीनं 2,112 युरो मागितले. बर्लिनच्या न्यायालयानं 2018 मध्ये तो दावा फेटाळला. पण कोर्टात जिंकणं म्हणजे बचत नव्हे. वाचलेले हजार-दोन हजार एका चुकलेल्या बॅगेत किंवा परतीच्या नव्या तिकिटात सहज जातात. म्हणूनच हा हिशेब आतबट्ट्याचा.